विश्लेषण : पैलवान मागे, ‘ॲब्ज’ पुढे, तालमीतून जिममध्ये जाताना शरीराचा अर्थ कसा बदलला?

पूर्वी गाव पैलवान पोसायचे. आता विशीतला मुलगा स्वतःच्या पगारातून प्रोटीनचा डबा विकत घेतो. या बदलामागे सिनेमा आहे, मोबाइल आहे आणि नोकरभरतीही आहे. काही मुलांच्या बाबतीत त्याचा शेवट इंजेक्शनच्या सुईपाशी होतो.

जानेवारीचा पहिला पंधरवडा म्हणजे जिमचालकांचा सुगीचा हंगाम. वार्षिक सभासदत्वावर सवलत, जोडप्यांसाठी ‘कपल ऑफर’, मित्राला आणल्यास एक महिना मोफत. त्यातच जिमच्या शुल्कावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. अर्थात चालकांना आता इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे ही सवलत पूर्णपणे ग्राहकाच्या खिशापर्यंत पोहोचेलच असे नाही.

जिम ही केवळ महानगरांची चैनही राहिलेली नाही. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर, मोबाइलच्या दुकानाच्या वर, कधी पत्र्याच्या शेडमध्ये जिम दिसते. काचेवर एखाद्या परदेशी शरीरसौष्ठवपटूचे पोस्टर आणि आत कोपऱ्यात मारुतीची तसबीर. या दोन चित्रांमध्ये महाराष्ट्रातील व्यायामाचा जवळपास सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

मराठीत शरीर ‘कमावतात’. कमाई म्हटली की ती कोणाची, कोणी मोजायची आणि खर्च कुठे करायची, हे प्रश्न येतात. तालीम आणि जिम या दोन ठिकाणी त्यांची उत्तरे वेगळी आहेत. आज तरुणांच्या शरीरावर जो ताण दिसतो, त्याचे मूळ बरेचसे या फरकात आहे.

‘सँडो’ बनियन आले कुठून?

बाह्या नसलेल्या बनियनला आपण सर्रास ‘सँडो’ म्हणतो. हे नाव युजीन सँडो या माणसाचे आहे. १८६७ मध्ये प्रशियात जन्मलेला हा ताकदवान गडी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. वजने उचलणारे त्याच्या आधीही होते. सँडोने वेगळे केले ते असे की ग्रीक पुतळ्यांच्या पवित्र्यात उभे राहून त्याने प्रेक्षकांना थेट स्नायूच दाखवले. त्याचे फोटो छापले गेले, डंबेल्स विकले गेले, टपालाने व्यायामाचे धडे घरोघरी गेले. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. आजही ‘मिस्टर ऑलिंपिया’ विजेत्याला मिळणारा पुतळा सँडोचाच असतो. १९०४-०५ च्या सुमारास तो भारतात दौऱ्यावर आला होता.

तेव्हा इथली हवा वेगळी होती. ब्रिटिशांनी भारतीयांची ‘लढवय्ये’ आणि ‘दुबळे’ अशी वाटणी करून ठेवली होती. शिकलेल्या वर्गाला ही गोष्ट फार झोंबली. व्यायाम हे तिला उत्तर ठरले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मधले, तर पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मधले. बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीतून दहा खंडांत काढला. कुस्ती, मल्लखांब, लाठी यांच्याविषयी इतक्या बारकाईने लिहिलेले भारतीय भाषांत क्वचितच सापडेल. या सगळ्यात शरीर कमवायचे होते ते देशासाठी. आरसा अजून भिंतीवर आला नव्हता.

तालमीत शरीर कोणाचे होते?

याचे उत्तर कोल्हापुरात सापडते. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि खासबागचे मैदान उभे केले. १९१२ पासून तिथे कुस्त्या होत आहेत. पण राजाश्रयापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गल्लीचा आश्रय. कोल्हापुरात तालीम म्हणजे केवळ आखाडा नव्हे. तालमीचा गणपती असतो, काही तालमींत मोहरमचा पंजाही बसतो. पाटाकडील, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्या सामन्यांना आजही मैदान भरते. तालमीतला मुलगा हा त्या पेठेचा मुलगा असतो.

आखाड्याची लाल मातीसुद्धा अशी सामायिक असते. ती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवतात. रोज खोऱ्याने उकरायची, सारखी करायची, आणि हे काम पोरांनीच करायचे. वस्ताद जोर-बैठकांचा आकडा ठरवतो, डाव शिकवतो आणि वागणुकीवरही नजर ठेवतो. खुराकाला दूध, तूप, बदामाची थंडाई. घरची परिस्थिती बेताची असेल तर हा खर्च पाहुणे, गावकरी, एखादा साखर कारखाना किंवा पुढारी उचलायचा. त्याबदल्यात जत्रेच्या फडात गावाचे नाव राखायचे.

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा वर्गणी जमली आणि राजाराम कॉलेजचे तत्कालीन प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे ते पोलीस दलात अधिकारी झाले. एका माणसाचे शरीर आणि त्यात गुंतलेली पन्नास माणसे, असा तो व्यवहार होता.

बनारसच्या पैलवानांवर ‘द रेसलर्स बॉडी’ हे पुस्तक (१९९२) लिहिणारे मानवशास्त्रज्ञ जोसेफ ऑल्टर यांनी एक गमतीची गोष्ट नोंदवली आहे. पैलवानांच्या मते चांगले शरीर एकसंध असते, त्यात एखादाच स्नायू वेगळा उठून दिसणे हे काही भूषण नव्हे. शरीरसौष्ठवाचे तर्कशास्त्र याच्या बरोबर उलट. तिथे प्रत्येक स्नायू सुटा, कोरलेला दिसला पाहिजे. म्हणूनच पैलवानाचे सुटलेले पोट आखाड्यात कुणाला खुपत नाही. प्रश्न एवढाच असतो की समोरच्याची पाठ मातीला लागली की नाही.

तालमीचे गुणगान मात्र जपून करावे. ही जागा पूर्णपणे पुरुषांची होती, बाईने आत पाऊल टाकायचे नाही. जातीची कुंपणेही अनेक गावांत होती. दुखापत होऊन अंथरुणाला खिळलेल्या किंवा उतारवयात हलाखीत दिवस काढणाऱ्या मल्लांच्या बातम्या आपण वाचतच असतो. गाव पोसते तसे गाव विसरतेही.

मग आरसा कधी आला?

मुंबईत व्यावसायिक व्यायामशाळा जुन्या आहेत. तळवलकरांची सुरुवात १९३२ मधली. गिरणगावातल्या व्यायामशाळांनी ‘मुंबई श्री’, ‘महाराष्ट्र श्री’सारख्या स्पर्धांना पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरवले. पण ते एका छोट्या जगाचे वेड होते. ते सर्वांचे झाले सिनेमामुळे. १९९८ मध्ये ‘प्यार किया तो डरना क्या’च्या गाण्यात सलमान खान उघड्या अंगाने गिटार घेऊन नाचला. २००७ मध्ये ‘ओम शांती ओम’साठी शाहरुख खानने ‘सिक्स पॅक’ केले आणि हा शब्द मराठी घरांतही रुळला. पुढच्याच वर्षी आमिर खानचा ‘गजिनी’ आला. चाळिशी ओलांडलेले दोन नट असे शरीर दाखवू शकतात, तर विशीतल्याकडे सबब काय उरली?

इथे थोडे शरीरशास्त्र सांगायला हवे. ‘सिक्स पॅक’ प्रत्येकाच्या पोटात असतात. पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूला आडवे तंतुमय पट्टे असतात, त्यामुळे त्याचे चौकोन दिसतात. हे पट्टे किती आणि कुठे, हे जन्मतः ठरलेले असते. त्यामुळे कुणाचे चार, कुणाचे सहा, कुणाचे आठ. व्यायामाने स्नायू जाड होतो, चौकोनांची संख्या वाढत नाही. आणि ते दिसायचे तर त्यावरची चरबी खूप उतरवावी लागते. स्पर्धेपूर्वी शरीरसौष्ठवपटू पाणी आणि मीठही तोडतात, म्हणजे कातडी स्नायूला चिकटल्यासारखी दिसते. पडद्यावर दिसते ते शरीर काही दिवसांपुरते असते, प्रकाशयोजनेत आणि पंप मारून टिपलेले. ते वर्षभर टिकवायचे म्हणणे म्हणजे लग्नातला मेकअप रोज लावून ऑफिसला जाण्यासारखे आहे.

नंतर मोबाइलने ही चौकट घरात आणली. सलमानशी स्वतःची तुलना करताना मुलाला निदान माहीत असे की तो सलमान आहे. रीलमधला मुलगा मात्र शेजारच्या तालुक्यातला असतो. त्याचा ‘बिफोर-आफ्टर’ १२ आठवड्यांचा असतो. त्या १२ आठवड्यांत त्याने काय घेतले, हे रीलमध्ये नसते.

छाती ७९ सेंटिमीटर, फुगवून पाच जास्त

शरीराचे वेड म्हणजे शहरी पोरांचा टाइमपास, असे घरातल्या मोठ्यांना वाटते. ग्रामीण महाराष्ट्रात चित्र तसे नाही. तिथे शरीर म्हणजे अर्जासोबत जोडायचे कागदपत्र आहे. राज्य पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान पाच सेंटिमीटरने जास्त लागते. मैदानी चाचणी ५० गुणांची. १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. एकेका सेकंदावर गुण जातात.

२०२४ मध्ये १७ हजार ४७१ पदांसाठी साधारण १७ लाख ७६ हजार अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे जवळपास शंभर. त्यात पदवीधर होते, इंजिनीअरही होते. (आमच्या बॅचमधले काहीजण कोडिंगच्या चाचण्यांऐवजी पहाटे पाचला मैदान मारत होते, तेव्हा या आकड्याचे फार आश्चर्य वाटले नाही.) त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मैदानी चाचणीदरम्यान उमेदवार कोसळल्याच्या बातम्या आल्या, तशा काही ठिकाणी उमेदवारांकडे उत्तेजक इंजेक्शने सापडल्याच्याही आल्या.

ज्यांची भरती हुकते त्यांच्यासाठीही शरीर हेच भांडवल राहते. बाउन्सर, सुरक्षा रक्षक, जिम ट्रेनर. डच मानवशास्त्रज्ञ मिकील बास यांचे ‘मस्क्युलर इंडिया’ (२०२०) हे पुस्तक अशाच ट्रेनरविषयी आहे. कनिष्ठ मध्यमवर्गातून आलेला, इंग्रजीत अडखळणारा मुलगा कमावलेल्या शरीराच्या जोरावर अशा घरांत आणि अशा माणसांत वावरतो, जिथे एरवी त्याला दारातूनच परत पाठवले असते. उद्योजक, डॉक्टर, नट त्याचे ऐकतात. तो ‘श्वास सोडा’ म्हणाला की सोडतात. तरी ही बरोबरी जिमच्या दारापर्यंतच टिकते, हेही बास दाखवतात. बाहेर पडल्यावर गाडी एकाची असते आणि बस दुसऱ्याची.

यामुळे जिममधल्या मुलाला थिल्लर ठरवणे अन्यायाचे आहे. परीक्षेची तारीख पुढे जाते, निकाल रखडतो, पेपर फुटतो, कंपनीचे ऑफर लेटर येऊन जॉइनिंग येत नाही. या सगळ्यात मेहनत आणि फळ यांचा संबंध जिथे डोळ्यांना दिसतो अशी एक जागा उरते. तीन महिन्यांपूर्वी ४० किलोची बेंच प्रेस, आज ६०. हा हिशेब कुणी खोटा ठरवू शकत नाही. जिमची खरी ओढ मला इथे वाटते.

अडचणही इथूनच सुरू होते. तालमीत हरलो तर गाव म्हणायचे, पुढच्या जत्रेत बघू. जिममध्ये फळ दिसले नाही तर दोष पूर्णपणे आपला. डाएट चुकले, झोप कमी पडली, ‘जेनेटिक्स’ वाईट. सोबत वाटून घ्यायला कुणी नसते.

आरशात खोट का दिसते?

दंड १६ इंचांचा झाला तरी आरशात काडीच दिसत राहावी, हा मानसशास्त्रात नोंदलेला विकार आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शरीरसौष्ठवपटूंमध्ये त्याचे वर्णन केले. तेव्हा त्याला उलटा ‘ॲनोरेक्सिया’ म्हटले गेले. उपाशी राहून हाडे दिसू लागली तरी जाड वाटणाऱ्या मुलींचा आजार डॉक्टरांना माहीत होता, हा त्याचा पुरुषी आरसा. १९९७ मध्ये त्याला ‘मसल डिस्मॉर्फिया’ हे नाव मिळाले आणि २०१३ पासून अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात त्याचा समावेश आहे.

पोप यांच्या गटाने एक साधा प्रयोग केला होता. ‘जी. आय. जो’ या सैनिकी बाहुल्याची मापे माणसाच्या उंचीला लावून पाहिली. जुन्या बाहुल्याचा दंड साधारण १२ इंच निघाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या नव्या आवृत्तीचा जवळपास २७ इंच. एवढा दंड तोवर कुठल्याही शरीरसौष्ठवपटूचा झाला नव्हता. मुले याच बाहुल्यांशी खेळून मोठी होत होती.

आपल्याकडे बाहुल्याचीही गरज पडत नाही. भेटताक्षणी शरीरावर शेरा मारणे ही आपल्याकडची विचारपूस आहे. ‘किती वाळलास रे, मेस बरी नाही का?’, ‘लग्न मानवलेलं दिसतंय’, ‘वारा आला तर उडशील’. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, ऐकणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात ते वाक्य दहा वर्षे राहते. आजार आणि आवड यांतली रेषा साधारण अशी ओळखता येते. व्यायाम चुकला म्हणून भावाच्या साखरपुड्याला जायचे टाळणे, अंग दिसेल म्हणून उन्हाळ्यातही हुडी घालणे, दिवसातून वीसदा आरसा पाहणे किंवा आरसाच टाळणे, दुखापत असूनही वजन उचलणे. असे दिसू लागले तर त्याला ‘शिस्त’ म्हणून शाबासकी देऊ नये.

बारीक म्हणजे निरोगी?

तसेही नाही, आणि याचा पुरावा पुण्यातून आला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. वजन आणि उंचीच्या या सूत्राला ते दिसत नाही. दिसणार कसे? बेल्जियन सांख्यिकीतज्ज्ञ केटले यांनी ते १८३० च्या दशकात लोकसंख्येची सरासरी काढायला मांडले होते, एकेका माणसाची तब्येत तपासायला नव्हे. भारतीयांत हाडकुळ्या हातापायांसोबत पोटाभोवती चरबी साठण्याचे प्रमाण जास्त आहे. मधुमेहाचा धोका त्यातून वाढतो. म्हणून स्नायू वाढवणारा व्यायाम आपल्याला खरोखर हवा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. जिमला नावे ठेवून यातले काहीच सुटणार नाही.

बायकांनी जिममध्ये काय मिळवले?

स्त्रियांच्या शरीराचे मोजमाप जिमच्या कितीतरी आधीचे आहे. ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द स्थळांच्या जाहिरातींत पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. त्यामुळे जिम ही त्यांच्यासाठी दुधारी जागा आहे. लग्नाआधी ‘बारीक हो’ म्हणून पाठवले जाते, बाळंतपणानंतर ‘पूर्वीसारखी हो’ म्हणून. ट्रेनरही अनेकदा ट्रेडमिलकडे बोट दाखवतो आणि ‘वेट्स नको, पुरुषी दिसाल’ असा सल्ला देतो. हा सल्ला शास्त्राला धरून नाही. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी असते, त्यामुळे नुसते वजन उचलून तसे स्नायू येत नाहीत. उलट हाडे ठिसूळ होण्याचा धोका घटतो.

पण तालमीने जे कधी दिले नाही ते जिमने दिले, हेही खरे. घरकाम, पोरे आणि नोकरी यांतून स्वतःच्या नावावर असलेला दुपारचा एक तास. ‘लेडीज बॅच’मधल्या गप्पांत व्यायामाइतकाच वेळ जातो, आणि जावा. लाल मातीचीही दारे उघडत आहेत, फक्त सावकाश. पुरुषांची ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ पासून सुरू आहे. महिलांची पहिली स्पर्धा झाली २०२३ मध्ये, सांगलीत, आणि जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने.

डबा, आणि मग सुई

जिममध्ये नाव घातल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिला सल्ला मिळतो, डबा घे. व्हे प्रोटीन म्हणजे काही विष नव्हे. चीज-पनीर करताना उरणाऱ्या निवळीतून काढलेली ती दुधाची प्रथिने. गरज किती? ‘आयसीएमआर-एनआयएन’नुसार सामान्य प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. जोरदार वजने उचलणाऱ्याला याहून जास्त लागते, पण दोन-तीन अंडी, अर्धा लिटर दूध, घट्ट वरण, उसळ, मूठभर शेंगदाणे यांतून बराचसा पल्ला गाठता येतो. आपल्या घरात वरण पातळ आणि भात ढीगभर असतो, खरी अडचण ती आहे. याच संस्थेने मे २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्ला दिला.

डब्यात काय आहे हा वेगळा प्रश्न. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ उत्पादनांची तपासणी करणारा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची होती, काहींत लिहिल्याच्या निम्मीच प्रथिने होती. काहींत बुरशीजन्य विष आणि कीटकनाशकांचे अंशही आढळले. डब्यावरचा ‘एफएसएसएआय’चा १४ अंकी परवाना क्रमांक पाहून घेणे हे किमान.

सुईची गोष्ट मात्र गंभीर आहे. शरीर टेस्टोस्टेरॉन कसे बनवते, हे समजायला गिझर पुरतो. पाणी पुरेसे तापले की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो. मेंदूतली यंत्रणाही रक्तातले टेस्टोस्टेरॉन पाहून वृषणांना ‘बनवा’ किंवा ‘थांबा’ सांगते. बाहेरून स्टेरॉइड टोचले की मेंदूला पाणी कायम उकळतेच दिसते. तो कारखाना बंद करतो. वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचे काही प्रमाणात इस्ट्रोजेन होते आणि मुलाची छाती बाईसारखी वाढू लागते. चांगले कोलेस्टेरॉल घसरते, हृदयाची भिंत जाड होते. पौरुष दाखवण्यासाठी घेतलेल्या औषधाचे हे परिणाम आहेत, आणि वंध्यत्वाच्या तपासणीत ते उघड होतात तेव्हा घरात सगळ्यात आधी बायकोची तपासणी होऊन गेलेली असते.

महाराष्ट्रात मेफेन्टरमाइनचा गैरवापरही पसरला आहे. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठीचे हे इंजेक्शन. जिममध्ये ते ‘ताकद’ आणि दम वाढवण्याच्या नावाखाली घेतले जाते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकदम वाढतात, सवय लागते, काहींना भ्रम होऊ लागतात. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नसलेले हे औषध बेकायदा विकणाऱ्यांवर पुण्यासह अनेक ठिकाणी पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने कारवाया केल्या आहेत. लाल मातीतही त्याचा शिरकाव झाला आहे, त्यामुळे तालीम शुद्ध आणि जिम भ्रष्ट अशी सोपी विभागणी करता येत नाही.

पुरवठ्याची साखळी साधी आहे. अनेक ट्रेनरचा मूळ पगार तुटपुंजा असतो. खरी कमाई पर्सनल ट्रेनिंग आणि सप्लिमेंटच्या विक्रीतून. ग्राहकाचे शरीर लवकर ‘दिसले’ तर पुढचा ग्राहक येतो. ट्रेनर म्हणून उभे राहायला डॉक्टर किंवा फार्मासिस्टसारखी नोंदणी कायद्याने बंधनकारक नाही. सल्ला देणारा तोच, विकणारा तोच.

कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या २०२१ मधील मृत्यूनंतर जिममधल्या हार्ट ॲटॅकची भीती घराघरांत बसली. ‘आयसीएमआर’ने १८ ते ४५ वयोगटातील अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात कुटुंबातील अशा मृत्यूंचा इतिहास, कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत अतिमद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम यांच्याशी संबंध दिसला. कोविड लशीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. घरात कुणी कमी वयात हृदयविकाराने गेले असेल तर जिमच्या अर्जाआधी डॉक्टरकडे जाणे रास्त.

घेणे थांबवायचे असेल तर?

स्टेरॉइड एका रात्रीत सोडणेही सोपे नसते. बाहेरचा पुरवठा बंद आणि आतला कारखाना अजून सुरू झालेला नाही, असा मधला काळ काही महिन्यांचा असू शकतो. त्या काळात थकवा, लैंगिक इच्छा नाहीशी होणे, तीव्र नैराश्य येते. कमावलेले शरीर डोळ्यांदेखत उतरते आणि मुलगा पुन्हा सुईकडे वळतो. जिममधला अनुभवी ‘भाऊ’ यावर आणखी एक गोळी सुचवतो. हे काम हार्मोनतज्ज्ञाचे, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टचे आहे. काय आणि किती घेतले ते त्यांना न लपवता सांगावे लागते. डॉक्टर ही माहिती गुप्त ठेवायला बांधील असतात. सुई मित्रांत वाटून वापरली असेल तर एचआयव्ही आणि काविळीच्या बी व सी प्रकारांची तपासणीही करून घ्यावी. मन खचले असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते.